गेनबांचं घोरणं आणि मथुराबाईंची झोप

गेनबांचं घोरणं अख्ख्या खराडीला ठाऊक होतं. लग्नाआधी ज्वारीच्या राखणीला ते माळ्यावर झोपायचे, तेव्हा म्हणे रानडुकरंसुद्धा बांधावरून माघारी फिरायची. पुढे ज्वारी गेली, तिथे काचेच्या इमारती आल्या, डुकरं गेली. घोरणं तेवढं शाबूत राहिलं. गेनबांना त्याचा अभिमान! "पोटात पाप नसलं की मानूस असा झोपतो," असं चारचौघांत ऐकवायचे.

पण सून तेजस्विनी या थापांना बधणारी नव्हती. सासूबाई भाजी निवडता निवडता पेंगतात, डोळ्यांखाली काळं आलंय, हे तिला दिसत होतं. एके सकाळी तिने जाहीर करून टाकलं, "आईंना वरची रूम देऊ या. मी बेडपण ऑर्डर केलाय."

झालं! गेनबांचा चहा कपातच राहिला. लग्न झाल्यापासून मथुराबाई खोलीत नसल्या की त्यांचा डोळा लागत नसे. पण हे सुनेला सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हातारचळ म्हणतील लोक. म्हणून मग सुईच्या नावाने घाम फुटणारा हा गडी आपणहून म्हणाला, "आधी डाक्टरला दावू. घोरनं गेलं, मंग कशाला पायजे वरची खोली?"

अशी तिघांची वरात येरवड्याला नाक-कान-घशाच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरांचं नाव स्पृहा. पुण्याच्या पेठेतल्या असाव्यात. बोलणं मोजकं आणि तेही तिरकं.

"काय त्रास होतो, काका?"

"मला काय बी न्हाई. तरास बाकीच्यांला हाय."

"सगळे नवरे हेच सांगतात. बसा."

त्यांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि सुतळीएवढी दुर्बीण आत सरकवली. समोरच्या पडद्यावर ओलं, गुलाबी भुयार उजळलं.

"ह्ये कुठलं म्हनायचं?"

"तुमचाच घसा. आता 'ई' म्हणा."

गेनबा 'ई' म्हणाले. भुयाराच्या तळाशी दोन पांढऱ्या पट्ट्या एकमेकींना भिडल्या आणि थरथरल्या. अगागागा! बैलांना घातलेल्या हाका, भावकीला हासडलेल्या शिव्या, सगळं या एवढ्याशा फटीतून बाहेर पडलं होतं? एवढं आयुष्य गेलं आणि आपल्याच घरातली ही खोली आपण पाहिली नव्हती. त्यांना हात जोडावेसे वाटले.

"आता तोंड मिटा. नाक मी धरते. श्वास आत ओढा."

ओढला, तशा चहूबाजूंनी भिंती आत आल्या आणि भुयार गच्च बंद झालं. डॉक्टरांनी नाक सोडलं तेव्हा गेनबांच्या तळहातांना घाम सुटला होता.

"झोपेत हे असंच बंद होत असणार," डॉक्टर म्हणाल्या. दुर्बीण काढून त्या मथुराबाईंकडे वळल्या. "काकू, यांच्या आवाजाने तुमची झोपमोड होते ना?"

"न्हाई बाई," मथुराबाई म्हणाल्या. "आवाज चालू हाय तवर मी गाढ झोपते. थांबला की जागी होते."

डॉक्टरांचा पेन थांबला. "आणि मग?"

"मंग काय, हलवायचं. कुशीवर लोटायचं. मोठा श्वास घेत्यात, परत घोराया लागत्यात. मंग मी पडते." तव्यावरची भाकरी उलटायची कशी, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"रोज? कधीपासून?"

"लई वरसं झाली. धाकटा रांगत हुता तवापासनं."

"यांना कधी बोलला नाहीत?"

"घाबरट हायती हे. सांगितलं असतं तर झोपलेच नसते."

आता डॉक्टरांचा तिरकसपणा पार गेला होता. "काका, तुमचा श्वास अडत होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोज रात्री. आणि दर वेळी यांनी तो परत आणलाय."

"बेड कॅन्सल करते मी," तेजस्विनी पुटपुटली. तिचे डोळे भरले होते.

गेनबा बायकोकडे बघतच राहिले. मघाचं पडद्यावरचं नवल आता त्यांना काहीच वाटेना. दुपारी पेंगणाऱ्या या बाईला ते 'झोपाळू' म्हणून चिडवायचे, पाहुण्यांसमोर हसायचे. जन्मभर आपण बिनघोर झोपलो ते पुण्याईने नव्हे, ही जागी होती म्हणून!

डॉक्टर पुढचं समजावत होत्या. आधी झोपेची तपासणी, मग बहुधा एक मशीन. मास्क लावून झोपायचं, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. "श्वास अडणार नाही आणि घोरणंही बंद."

तेजस्विनीला हायसं वाटलं. मथुराबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजी रातभर आवाजच न्हाई?" त्या म्हणाल्या. "मंग हे हायती का न्हाई, मला कळायचं कसं?"

डॉक्टर काही बोलणार, तोवर गेनबांनी सुनेसमोर, डॉक्टरांसमोर बायकोचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

"हितं ठिवायचा हात," ते म्हणाले. "अन् आता तू झोप, मथुरे."

एरवी चारचौघांत असा हात धरला असता तर मथुराबाईंनी तो फटकन झटकला असता. आज त्यांनी तो तसाच राहू दिला.