आईचा चेहरा पाहिलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. माझं कापड दोनदा बदललं, काड्याही दुरुस्त झाल्या. मूठ मात्र अजून पहिलीच आहे. एका कारागिराने वाफेवर लाकूड वाकवून ती घडवली आणि एका तरुण शिवणकामवाल्या बाईने मला विकत घेतलं. मापं घ्यायला ती भर उन्हात गिऱ्हाइकांच्या घरी पायी जाई. एका हातात मी, कडेवर तान्ही लेक. "ही छत्री आहे म्हणून निभतंय गं बाई," असं ती लेकीला सांगायची, तेव्हा मी फुलून जायचे.

लेक बोलायला लागली न लागली तोच तिची आई तापाने गेली. लेकीला मावशीने वाढवलं. मी कपाटामागे धूळ खात पडले. पुढे लेक नर्स झाली, तेव्हा तिने मला शोधून काढलं, नीट करून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या सोबतीला आहे.

गेल्या उन्हाळ्यात मावशीही गेली. त्यानंतर एका दुपारी माझी लेक, आता पांढऱ्या केसांची, एकटीच चित्रकारांच्या गल्लीत गेली. भिंतीभिंतीवर रंगवलेली चित्रं, त्यांच्यापुढे फोटो काढून घेणारे पर्यटक, काचेच्या मण्यांची दुकानं, कोपऱ्यावर व्हायोलिन वाजवणारा म्हातारा. सहज फिरायला आल्यासारखी ती चालत होती, पण माझ्या मुठीवरचा तिचा हात घामेजला होता. समोर बसवून चेहरा काढून देणाऱ्या एका चित्रकारापाशी ती घुटमळायची आणि पुढे जायची. शेवटी तोच म्हणाला, "या ना ताई, बसा. किती चकरा मारताय!"

ती बसली. मला मांडीवर आडवं ठेवलं.

"माझं नको. आईचं काढायचंय."

"फोटो आहे?"

"एकही नाही. मला ती आठवतही नाही. मावशी म्हणायची, आईचंच तोंड घेऊन आलीयेस."

"वय काय होतं त्यांचं?"

"सव्विसाव्या वर्षी गेली. मी तिच्याहून किती म्हातारी झाले बघा," ती कसनुसं हसली.

चित्रकार भला माणूस होता. कोळशाच्या कांडीने कागदावर काढताना त्याने तिच्या सुरकुत्या उतरवल्याच नाहीत, केस काळेभोर केले, आणि छान दात दाखवत आईला हसवलं.

मित्रांनो, ही तिची आई नव्हतीच! आईचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, म्हणून ती ओठ मिटून हसायची. डाव्या भुवईत जखमेची खूण होती. हे ठाऊक असलेली आता मी एकटीच, आणि मला तोंड कुठे आहे?

लेक कितीतरी वेळ कागद न्याहाळत राहिली. "अशीच असेल का हो?"

चित्रकाराने मान खाली घातली. "असेल, ताई."

तिने चित्राच्या गालावरून बोट फिरवलं, कोळसा जरा फिसकटला. भर गल्लीत तिला रडू फुटलं. तिने मला उघडून माझ्याआड तोंड लपवलं. मला तेवढंच करता आलं.

चित्र आता तिच्या पलंगासमोर आहे. "आई, गुडघा फार दुखतोय गं," असं ती त्याला सांगते, आणि एक अनोळखी बाई तिच्याकडे पाहून हसत राहते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी जुनं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसा. गेलेली माणसं कशी दिसायची, कशी हसायची, ते विचारून घ्या. मावशीला सगळं माहीत होतं. तिला त्रास होईल म्हणून लेकीने कधी विचारलं नाही, आणि लेक रडेल म्हणून मावशीने कधी सांगितलं नाही.