शिंप्याच्या हृदयाचं ठिगळ

सिस्टर कामाला वाघ आणि जिभेला तिखट. बावीस वर्षं अँजिओप्लास्टीच्या खोलीत काढलेली बाई. मनात आलेलं मनातच ठेवणं तिला कधी जमलंच नाही. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "सिस्टर, तुम्ही तुमची ट्रॉली सांभाळा. एक्स-रेचा पडदा मी बघतो." झालं, बाईंनी तोंडाला कुलूप घातलं.

टेबलावर एक शिंपी होता, पोट सुटलेला आणि पूर्ण जागा. डॉक्टरांची नजर स्टेंटवर खिळलेली, आणि स्टेंट ज्या वायरवरून सरकवायचा, तिचं टोक मात्र रक्तवाहिनीच्या बारीक फांदीत पुढे पुढे सरकत होतं. सिस्टरना ते पडद्यावर स्पष्ट दिसलं. बघा की मग तुमचं तुम्ही, असं मनात म्हणून त्या गप्प राहिल्या.

अर्ध्या मिनिटात पडद्यावर काळा डाग पसरू लागला. टोकाने रक्तवाहिनीला भोक पाडलं होतं, आणि रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचत होतं. प्रेशर एकशेवीसवरून ऐंशीवर आलं. सिस्टरचा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

डॉक्टरांनी भोकाच्या अलीकडे फुगा फुगवून रक्त अडवलं. पण तो तसाच ठेवला तर हृदयाचा पुढचा भाग रक्तावाचून उपाशी राहणार. भोक बुजवायला कॉइल, म्हणजे तारेची बारीक गुंडाळी हवी, आणि त्या मापाची नेमकी संपलेली.

"पोटाची चरबी घ्या," सिस्टर म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान डोलावली. पोटाची जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढी चरबी काढली आणि बारीक नळीतून त्या फांदीत सोडली. फुगा उतरवला. डाग वाढला नाही.

"काय चाललंय?" शिंप्याने विचारलं.

"ठिगळ लावतोय," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच कापडाचं."

"मग रंग जुळेल."

संध्याकाळी वॉर्डात डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं, "भोक माझ्या वायरने पडलं."

"आणि मला ते आधीच दिसत होतं," मागून सिस्टर म्हणाल्या. "रागात होते, म्हणून बोलले नाही."

शिंप्याने मान सिस्टरकडे वळवली.

"माप घेताना माझ्याही हातून टाचणी लागते. पण गिऱ्हाईक ओरडतं, म्हणून निभावतं. मला आतलं काही कळत नव्हतं, बाई. माझ्या वाटचं तुम्ही ओरडायचं होतं."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच केसला सिस्टर "टोक!" म्हणून इतक्या जोरात ओरडल्या, की टेबलावरचा पेशंट दचकला. डॉक्टरांनी मुकाट्याने वायर मागे घेतली.