साठ शब्दांचा चार्ज

माणूस दारूपायी अडकतो, कोर्टकचेरीत अडकतो. दामू रामटेके अडकला तो चांगल्या अक्षरापायी.

फरीदाबादेतलं ते ऑफिस पाण्याचं. देशभरच्या विहिरींचं पाणी तपासायचं, पाणी किती खोल गेलं, फ्लोराइड किती वाढलं, त्याचे आलेख काढायचे आणि ज्या राज्यातली विहीर त्या राज्याच्या भाषेत नावं घालून तिकडं पाठवायचे. आडव्या रेघेवर वर्षं, उभ्या रेघेवर खोली, आणि मधून घसरत जाणारी वाकडी रेघ म्हणजे त्या गावाचं नशीब. रेघा कुणीही ओढेल हो. पण इंग्रजी, हिंदी, मराठी, पंजाबी, बंगाली, तमिळ, एवढ्या भाषांतली नावं एका मापात, एका जाडीत काळ्या शाईनं कोण लिहिणार? दामू लिहायचा. दहावीला दोनदा गचकलेला माणूस. बंगाली-तमिळ त्याला वाचता येत नव्हतं, पण काढता येत होतं. कुणी जाणकारानं कागदावर शब्द लिहून दिला की दामू तो डोळ्यानं उचलायचा आणि ट्रेसिंग पेपरवर असा उतरवायचा की मद्रासचा माणूस म्हणावा, हा आमचाच पोरगा.

एक्क्याण्णव-ब्याण्णवनंतर बाहेरच्या मालाची दारं उघडली तसा ऑफिसात प्लॉटर आला. टेबलाएवढं यंत्र, त्याला आठ पेनं, कागद मागंपुढं सरकतोय, पेन इकडून तिकडं पळतंय. आलेख चार मिनिटांत तयार. दामूला वाटलं, सुटलो. पण यंत्राला इंग्रजी सोडून काही येईना. हिंदी शब्द घातला की ओळीनं प्रश्नचिन्हं. मग काय, यंत्र रेघा काढणार, नावांची जागा कोरी सोडणार आणि दामू ती भरणार. आधी दिवसाला तीन आलेख निघायचे, आता तीस. म्हणजे यंत्रानं दामूचं काम दहापट केलं. घ्या.

बायको प्रभा नागपूरला सरकारी दवाखान्यात नर्स. मुलगी समता आठ वर्षांची. नागपुरात ऑफिसची शाखा होती, तिथं दामूची बदली दोनदा मंजूर झाली आणि दोन्ही वेळा ऑर्डर फायलीत वाळून गेली. कारण चार्ज. ऑफिसचा रिवाज असा की तुमच्या खुर्चीवर बसणारा माणूस आधी यायला पाहिजे, त्यानं कागदावर ‘चार्ज घेतला’ म्हणून सही करायला पाहिजे, मगच तुम्ही सुटणार. त्या माणसाला म्हणायचं रिलीव्हर. तो आणायचा कुणी? सूदसाहेबांनी. अडचण कुणाची? सूदसाहेबांचीच.

सूदसाहेब सेक्शनचे प्रमुख. वाईट नव्हते, तेच तर वाईट. खांद्यावर हात टाकून म्हणायचे, “रामटेके, तू चला गया तो मेरे ग्राफ गूँगे हो जाएँगे. बस यह रिपोर्ट निकल जाए.” आणि एक रिपोर्ट निघेपर्यंत दुसऱ्याच्या विहिरी खणून तयार.

दामूची खोली रेल्वेलाइनला लागून होती, ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. दुपारच्या जेवणाला तो खोलीवर यायचा आणि बरोब्बर दुसऱ्या पोळीला दक्षिणेकडची गाडी खडखडत जायची. तीच नागपूरला जायची. चार वर्षं दामूनं ती दुसरी पोळी कधी नीट गिळली नाही.

जानेवारीत तिसरी ऑर्डर आली. ह्या खेपेला खाली एक ओळ जास्त होती: एकतीस मार्चपर्यंत हजर न झाल्यास जागा दुसऱ्यास देण्यात येईल.

रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून त्यानं प्रभाला सांगितलं. ती म्हणाली, “समतानं शाळेत काय सांगितलं माहीत आहे का जी? म्हणे, माझे बाबा फोनमध्ये राहतात. बाई हसल्या. मला नाही हसू आलं.”

“येतो मी मार्चमध्ये.”

“मागच्या मार्चमध्येही येतच होते तुम्ही.” आणि फोन ठेवला.

ऑफिसात तेव्हा क्षिप्रा नावाची पोरगी नवीन लागली होती, कॉम्प्युटर शिकलेली. घर करोल बागेतलं, आईबाप मराठी, जन्म मात्र दिल्लीतला. मराठी बोलायची, पण मधेमधे शब्द सांडायचे. दामूचा पडलेला चेहरा बघून तिनं विचारलं आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

“दामूकाका, यह तो हद है यार,” ती म्हणाली. “मशीनला हिंदी येत नाही, बिल्कुल खरं. पण मशीनला तर इंग्रजीपण येत नाही. त्याला फक्त पॉइंट येतात. इथून उचल, तिथं टेक. तुम्ही अक्षराचे पॉइंट द्या, ते अक्षर काढेल.”

“आणि एवढ्या भाषा? मी रिटायर होईन, बाई.”

“अख्खी भाषा कशाला? ग्राफवर शब्द असतात किती?”

दामूनं जुने आलेख काढून मोजले. वर्ष, खोली, मीटर, विहीर, गाव, पिण्यास अयोग्य... फिरून फिरून तेच; गावाच्या नावाच्या जागी नुसता नंबर. साठ शब्द. चार वर्षं माणूस साठ शब्दांत कोंडलेला होता, आणि त्याला वाटत होतं केवढा पसारा आहे!

मग दोघं लागले. जेवणाच्या सुट्टीत दामू खोलीवर जाणं बंद झालं. आलेखाच्या चौकटीच्या कागदावर तो एकेक शब्द काढायचा आणि त्याच्या वळणावळणावर टिंब द्यायचा. आडवं सात, उभं बारा, पेन खाली. आडवं नऊ, उभं चौदा. पेन वर. क्षिप्रा ते आकडे मशीनला भरवायची. जन्मभर अक्षरांनी आलेखाला नावं दिली, आता अक्षरांचाच आलेख निघत होता. पहिल्यांदा ‘गाव’ आला तो पाय मोडलेल्या खाटेसारखा. दामू म्हणाला, “ह्या गावात मी राहणार नाही.” क्षिप्रा टेबलावर डोकं ठेवून हसली.

मार्चच्या मध्याला सगळ्या भाषांतले साठही शब्द बसले. त्याच दिवशी क्षिप्रानं हळूच सांगितलं, “काका, कुणाला बोलू नका. मला गुडगावच्या कंपनीत घेतलंय. सॉफ्टवेअर. एप्रिलमध्ये जॉइन. महिनाअखेरीला रेझिग्नेशन देते, पगार कापून का होईना सोडतील.” दामूनं तिला पेढा खायला लावला.

अठ्ठावीस तारखेला मोठे डायरेक्टर यंत्र बघायला आले. खोलीत दाटी. सूदसाहेबांनी टाय लावलेला. क्षिप्रानं आकडे भरून ठेवले होते. सूदसाहेब पुढं झाले आणि त्यांनी स्वतः बटन दाबलं. पेन सळसळलं. हिंदी आलेख, मग पंजाबी, मग बंगाली, दामूच्या हातच्या अक्षरात, शाई ओली. टाळ्या पडल्या.

“मुश्किल है?” डायरेक्टरांनी विचारलं.

“कुछ भी नहीं, सर! बच्चा भी चला ले. मैंने खुद चलाया, आपके सामने.” साहेब फुगले होते.

हीच वेळ म्हणून दामू चार्जचा कागद घेऊन पुढं आला. “साहेब, अब मेरे को छोड़ दो.”

“बिल्कुल! आज ही. रिलीव्हर भी मिल गई.” साहेबांनी कागद क्षिप्रापुढं धरला. “बेटा, तुम्हें तो सब आता है. साइन करो. दो-तीन साल की बात है, फिर मैं खुद किसी को ढूँढ दूँगा.”

क्षिप्राच्या हातात पेन दिलं गेलं. सगळे बघत होते. नाही म्हणावं तर दामूकाका अडकतात, सही करावी तर गुडगाव गेलं. कारण ‘चार्ज घेतला’ म्हटल्यावर त्या ऑफिसातून राजीनामासुद्धा रिलीव्हरशिवाय सुटत नव्हता. तिनं दामूकडं बघितलं, मग मान खाली घातली आणि पेन टेकवलं.

दामूनं तो चेहरा ओळखला. दाढी करताना रोज आरशात बघायचा तोच. सही होऊ दे, परवा सकाळी नागपूर, समता... एवढं सगळं डोक्यातून गेलं, खोटं कशाला बोला. आणि तरी त्याचा हात पुढं गेला आणि त्यानं पेन तिच्या बोटांतून काढून घेतलं.

“साहेब, मॅडम अभी सीख रही हैं,” तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. “उनसे गलती होगा. आपने तो एक बटन में कर दिया. सबने देखा. साहेब से अच्छा रिलीव्हर मैं कहाँ से लाऊँ?”

हे चुकलं तर नागपूर तर गेलंच, फरीदाबादही सुखाचं राहणार नव्हतं.

डायरेक्टर हसायला लागले. “बात तो सही है, सूद! बच्चा भी चला ले, तुमने ही कहा. ले लो चार्ज.”

“सर, मैं... प्रमुख होकर...”

“नियम में मना है क्या?”

मना नव्हतं. सूदसाहेबांनी दामूकडं असं बघितलं की चार वर्षांतला खांद्यावरचा हात एका क्षणात उतरला. आणि सही केली.

एकोणतीस तारखेच्या दुपारी दामू त्या गाडीत होता. लाइनीच्या कडेची आपली खोली खिडकीतून सरकताना दिसली. चार वर्षं गाडी बघितली होती ती तिथून. गाडीतून खोली बघायला दोन सेकंदं पुरली. पिशवीत प्रभानं कधीतरी पाठवलेला स्वेटर होता आणि टिंबांचे कागद. क्षिप्रानं ते गुंडाळून दिले होते, म्हणाली, “ओरिजिनल तुमचे.”

मे महिन्यात नागपूरच्या ऑफिसात फरीदाबादहून आलेखांची गुंडाळी आली. दामू कामाचं घरी आणत नसे, पण त्या दिवशी आणली. जमिनीवर पसरली. अक्षरं सगळी त्याचीच. ‘गाव’चा पायसुद्धा त्यानं शेवटी सरळ केला होता तसाच. कोपऱ्यातल्या चौकटीत काढणाऱ्याचं नाव होतं, सूद. आणि एका आलेखावर ‘खोली’ हा शब्द वर्षांच्या रेघेखाली जाऊन बसला होता. दामूनं ब्लेड घेतलं, हळूच शाई खरवडली.

समता येऊन शेजारी बसली. आईच्या भाज्यांची यादी आता बाबा लिहायचे, त्यामुळं त्यांचं अक्षर ती ओळखत होती.

“बाबा, हे तुम्ही लिहिलं?”

“नाही गं,” दामू म्हणाला. “मी तर इथं आहे.”