सड्यावरची बरसाती

गोवा सुटला त्याच्या पुढच्या श्रावणात आमच्याच वाडीतला माझा मेव्हणा गुरुदास पलटणीतून सुटीवर आला, तो अंगात रबरी बरसाती घालून. मधल्या भोकातून डोकं बाहेर, कडांना पितळी कड्या. येताच मला म्हणाला, "भावजी, ताणली की हेचो तंबू होता. तुमच्या पानांच्या इरल्यात कोंबडीसुद्धा रवाची नाय." माझं डोकं तिथेच तापलं.

त्याच दुपारी आमची गाभण म्हैस सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, चरताना बसली ती उठेना. कळा सुरू. वारा असा, की पडलेला पाऊस उलटा वर जाऊन दुसऱ्यांदा पडत होता. खोटं वाटलं तर देवगडात विचारा, तिथे तिसऱ्यांदा पडला. आदल्या वर्षी असंच पारडू गारठून मेलं आणि म्हैस आटली. माझी बायको सावित्री तिच्या पाठीवर हात ठेवून बसलेली, तोंडाने पावसाला शिव्या.

"उभार तुजो तंबू," मी गुरुदासला म्हटलं.

त्याने दोन झुडपांमध्ये दोरी ताणली, बरसाती टाकली आणि खुंट्या ठोकायला घेतल्या. कातळावर. पहिली वाकली. दुसरी उडून माझ्या गुडघ्यावर बसली.

"पलटणीत असांच शिकयतत," तो दात खात म्हणाला.

"पलटणीक सांग, आमचो कातळ हुकूम आयकत नाय."

तिसरी त्याच्या हातातून हिसकावून मी फेकली. घरावरची माडाची झापं वाऱ्याने उडू नयेत म्हणून आम्ही दोरीला धोंडे लटकवतो, तसे कड्यांना लटकवले. वाऱ्याकडची बाजू खाली ओढली, मधलं भोक सुतळीने आवळलं.

"रबर फाटात. सरकारी माल, माझी सही आसा," गुरुदास ओरडला.

"फाटलां तर तुजी कातडी लाव," सावित्री म्हणाली.

पारडू आलं. म्हैस चाटायला लागली. एवढ्यात काकडलेला गुरुदास येऊन एका धोंड्याची दोरी सोडू लागला. "झाला मा आता? माझी बरसाती माका द्या."

सावित्रीने त्याचं मनगट धरलं. "तू भिजलंस तर सुकतलंस. ह्यां भिजलां तर मरतलां. हात काढ."

त्याने हात काढला. पारडू चार वेळा धडपडून पाचव्यांदा उभं राहिलं आणि आचळाला लागलं. पाऊस ओसरला तेव्हा सावित्रीनेच दोऱ्या सोडल्या. बरसातीला एवढंसं खरचटलंही नव्हतं. तरी सुटीचे उरलेले आठ दिवस गुरुदास आमच्याकडे जेवायला आला नाही. मीही बोलावलं नाही.