शेवटची सोळा पानं फोनवर

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. तबकडीचा, काळाकुळकुळीत आणि उचलायला चांगलाच जड. कारखान्यात माझी घंटा तपासणाऱ्या बाईने मला कानाशी धरलं आणि म्हणाली, "हा ठणठणीत आहे. हा शंभर वर्षं ओरडेल." आयुष्यातलं ते पहिलं कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे.

माझी नेमणूक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर. वीस वर्षं मी इमानेइतबारे वाजलो. मग बटणांचे रंगीत फोन आले आणि मला कपाटावर टाकलं. धुळीत पडून राहणं काय असतं ते तिथे कळलं. घसा शाबूत असून गप्प बसायचं, यासारखी शिक्षा नाही.

त्या कपाटावरून मला उतरवलं हॅलोबाईंनी. बाईंनी एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, म्हणून सगळे त्यांना याच नावाने ओळखत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "भेट काय हवी?" बाई म्हणाल्या, "तो वरचा काळा फोन द्या."

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांची नणंद, अशा दोघीच. नणंदबाई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. आता घरी कपडे दुरुस्त करून देत. खिडकीपाशी कापड बेतायचं लांब टेबल होतं, त्यावर माझी सोय झाली. माझ्या एका बाजूला नणंदबाईंची कात्री चाले आणि दुसऱ्या बाजूला रोज सकाळी बाईंचं पेन.

"काय खरडताय एवढं, वहिनी?"

"हेरकथा आहे, वन्सं. कादंबरी."

"हेरकथा म्हणे! स्वतःचा चष्मा कपाळावर असताना घरभर शोधता तुम्ही."

पण बाई बाजारात गेल्या की याच नणंदबाई हळूच वही उघडत. मी पाहत होतो, पण चुगली करणं माझ्या धर्मात बसत नाही. कादंबरीची नायिका होती साठीची शिंपीण. ती परक्या वकिलातीतल्या साहेबांचे कोट शिवायची आणि अस्तराच्या टाक्यांतून गुप्त निरोप पाठवायची. एके दिवशी नणंदबाईंना राहवेना.

"ही बाई दाताने दोरा तोडते. मी कधी तोडला हो?"

"रोज तोडता."

"आणि इथे उलटी टीप घातली आहे तुम्ही. ती एका झटक्यात उसवत नाही. तुमची हेर पकडली जाईल अशाने!"

त्या दिवसापासून कादंबरी दोघींची झाली. एक लिही, दुसरी उसवी.

प्रकाशक मिळायला मात्र दोन वर्षं गेली. शेवटी एका खोलीत कारभार असलेला एक भला माणूस तयार झाला. प्रत्येक गोष्टीला तो "उद्या बघू" म्हणे, म्हणून नणंदबाईंनी त्याचं बारसंच करून टाकलं: उद्याबघू. एकदा त्याचा फोन आला. "बाई, गोष्ट झकास आहे. फक्त नायिका पंचवीस वर्षांची करा. म्हातारी हेर कोण वाचणार?"

बाईंची माझ्यावरची पकड घट्ट झाली. दोन वर्षांनी हाती आलेली संधी होती ती. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "पंचवीस वर्षांच्या पोरीवर सगळ्यांचीच नजर असते. साठीच्या बाईकडे कोण वळून बघतं? म्हणून तर ती हेर आहे."

 पलीकडे तो मोठ्याने हसला. "राहू द्या साठीचीच!"

पाचशे प्रती छापल्या. वर्तमानपत्रात प्रकाशन समारंभाची चौकट आली. समारंभाच्या दिवशी सकाळी पहिला गठ्ठा घरी पोचला. बाईंनी पुस्तकाचा वास घेतला, नणंदबाईंनी शिलाई पाहिली. आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, पानं कमी आहेत."

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून बांधतात. त्या जुडीला फर्मा म्हणतात. शेवटचा फर्माच गायब होता! शिंपिणीने कोटाच्या अस्तरात हात घातला आणि बाहेर काढलं ते... संपलं. पुढे कोरा पुठ्ठा. एका प्रतीत नाही, गठ्ठ्यातल्या प्रत्येक प्रतीत.

उद्याबघूचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. बांधणीवाल्याने पाचशेच्या पाचशे प्रतींचे शेवटचे कागद चुकून रद्दीत घातले होते. छापखाना महिनाभर पाठ्यपुस्तकांत अडकलेला. "समारंभ रद्द करू या, बाई. रहस्यकथेला शेवटच नाही, लोक जोडे मारतील."

 बाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग रिसीव्हर पुन्हा कानाला लावून म्हणाल्या, "प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घाला. त्यावर माझा नंबर लिहा. शेवट मी वाचून दाखवेन."

"पाचशे जणांना?"

"बत्तीस वर्षांत दिवसाला पाचशे फोन घेतलेत मी. घाला चिठ्ठी."

चिठ्ठीचा मजकूर नणंदबाईंनी सांगितला: 'शेवट हवा असल्यास फोन करावा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. एक ते दोन आम्ही जेवतो.'

समारंभाला चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि तेवीस माणसं आली. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला दोघी माझ्यासमोर बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले, सहाही वाजले. मी मुका. तो दिवस गेला, त्यापुढचाही. नणंदबाईंनी दोनदा रिसीव्हर उचलून मी जिवंत आहे ना ते तपासलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी सव्वादहाला मी वाजलो.

"मी दातांचा डॉक्टर बोलतोय. त्या अस्तरात काय होतं? लवकर सांगा, पेशंट तोंड उघडून बसलाय. त्यानेही वाचलंय!"

त्यानंतर मला श्वास घ्यायला सवड मिळाली नाही. बसचा ड्रायव्हर बोलला. चार बहिणी एकाच रिसीव्हरला कान लावून ऐकत होत्या आणि "सरक ना ग" म्हणून भांडत होत्या. बाईंचा घसा बसला की नणंदबाई वाचत. खलनायक तर त्या अशा गोड आवाजात वाचत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. फोनवर संपणाऱ्या कादंबरीची बातमी वर्तमानपत्रात झळकली आणि दुकानांतल्या प्रती संपल्या. उद्याबघू आता "आजच बघू" म्हणू लागला. महिनाभराने हरवलेला फर्मा छापून आला. लोक आपापली प्रत घेऊन घरी येत आणि नणंदबाई त्यात सोळा पानं शिवून देत.

याच गडबडीत, फर्मा छापून येण्याआधी, एक फोन आला. आवाज खोल होता, थोडा थकलेला. "मी जहाजावर आचारी होतो. सध्या इस्पितळात आहे. ऑपरेशन बारा दिवसांनी. मला सगळं एकदम नको. रोज एकच पान वाचाल? उद्यासाठी काहीतरी शिल्लक हवं."

बाई रोज साडेचारला त्यांना एक पान वाचून दाखवू लागल्या. अकराव्या पानानंतर आचारीबुवा म्हणाले, "उद्या सकाळी नेणार मला. उरलेली पाच आत्ताच वाचता का? न जाणो..."

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "मुळीच नाही. पाच पानं राखून ठेवते. बरे व्हा आणि मागून घ्या."

त्यानंतर नऊ दिवस मी वाजलो की बाई धावत येत. दर वेळी कुणी दुसराच असे. साडेचार वाजले की नणंदबाईंची कात्री आपोआप थांबे.

दहाव्या दिवशी तो आवाज आला. पण माझ्यातून नाही, दारातून!

"पाच पानं राहिलीत माझी," आचारीबुवा काठीवर रेलून म्हणाले.

बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि समोर बसून वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीला ते गदगदा हसले आणि त्यांनी पुस्तक नणंदबाईंपुढे धरलं. "शिवून द्या."

"आता शेवट कळला की तुम्हाला," नणंदबाई म्हणाल्या.

"पुन्हा पहिल्यापासून वाचायचंय. आता वेळ आहे माझ्याकडे."

त्या क्षणी मी वाजत होतो, मित्रांनो, चांगला खणखणून. कुणीही मला उचललं नाही. तिघंही हसण्यात गुंग होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी उद्याच्या पानाची वाट बघत असेल. त्याला आपण होऊन फोन करा. आणि माझ्यासारखा जुना फोन घरात असेल, तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा. ओल्याने तबकडीत पाणी जातं.