कुलूपबंद घरांचे नळ

पाथर्डीच्या अंगाला असलेल्या त्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून ऊसतोडीला जातात, आणि शहाण्या माणसांनी नव्या नळयोजनेची चाचणी नेमकी तेव्हाच घेतली. आता बोला. तीन महिने पाणी धो धो आलं. येणारच की, भरायला होतं कोण?

फेब्रुवारीत ठेकेदाराचा इंजिनिअर राधाकृष्ण योजना गावाच्या ताब्यात दिल्याचा कागद घेऊन लंकाबाईंच्या ओट्यावर येऊन बसला. लंकाबाई पाणी समितीच्या अध्यक्ष.

"मावशी, सही करा. चाचणी पास झाली, आमचं काम संपलं. इथून पुढं देखभाल गावाची."

लंकाबाईंनी कागद घेऊन बाजूला ठेवला. सही केली आणि उन्हाळ्यात पाणी चढलं नाही, तर ते निस्तरणं गावाच्या गळ्यात. नाही केली, तर हा पंपाला कुलूप ठोकून जाणार, म्हणजे परत हंडे. त्यांचा लेक कल्याण आणि सून सुकन्याही तोडीवरच होते. सहा महिने उसाच्या मोळ्या वाहून येणाऱ्या पोरीच्या डोक्यावर पुन्हा हंडा द्यायचा, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

"सायेब, गावात गाव हाय कुठं? चाचणी कुनाची घेतली तुमी?"

जाणारे सगळे चाव्या लंकाबाईंकडंच ठेवून जायचे. त्यांनी जुडगा काढला, पंप चालवणाऱ्या वैजनाथला बरोबर घेतलं आणि घरोघरची कुलपं काढून एकूण एक नळ सोडले. खाली टिपाडं, घमेली, सापडेल ते लावलं. पाणी वाया घालवायची त्या मुलखात रीत नाही. वरच्या वस्तीवर, खुद्द लंकाबाईंच्या घरी, नळ नुसता फुसफुसला.

राधाकृष्णचा चेहरा उतरला. "आधी खाली, मग वर, असं पाळीनं सोडा. ते देखभालीतच येतं."

"आन् पाळी लावायला व्हॉल्व कुठं हाय?"

खालचं पाणी अडवून वर चढवायला लागणारा व्हॉल्व बसवलेलाच नव्हता. लंकाबाई मनातून लई तापल्या, पण आवाज चढवला नाही. "व्हॉल्व बसवायचा तुमी. त्यो रोज फिरवायचा आमी. बसवा, लगेच सही करते."

त्यानं वरच्या साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, पण पंधरा दिवसांत व्हॉल्व बसवला. पुन्हा सगळे नळ सोडून, खालचं-वरचं पाणी डोळ्यांनी बघून लंकाबाईंनी सही केली.

गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. दुसऱ्याच सकाळी सुकन्या अर्धी कळशी घेऊन आत आली. "आत्याबाई, धार बारीक हाय. त्या इंजिनेर सायबाला फोन लावा की."

लंकाबाईंनी मोबाईल उचलला, नंबरही काढला, आणि मग तो खाली ठेवला. क्षणभर त्यांना फार एकटं वाटलं. रागवायलाही आता कुणी उरलं नव्हतं.

"सायबाचं काम संपलं, बाई." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल, वैजनाथनं व्हॉल्व पुरता फिरवलाय का बघू. तूबी शिकून घे."

"मी? किती दिस फिरवायचा?"

"नळ हाय तवर."