गाडी तापेपर्यंत

“पंधरा मिनिटं. घड्याळ बघून. त्याच्या आत हलवलीस तर सिलिंडर खरवडून निघतील. आणि चालू गाडी सोडून वर यायचं नाही, आत बसून राहायचं. कुणी घेऊन गेला तर?”

ट्रॉय शहरातल्या पहिल्या हिवाळ्यात गुरुदत्तनं हे सांगितलं आणि शुभानं ते गुरुमंत्रासारखं कानात साठवलं. न साठवून कसं चालेल? नवऱ्याचं कामच ते. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करून बघायचं, कुठे अडतंय ते शोधायचं. त्यासाठी कंपनी त्याला दर जानेवारीत पार उत्तरेला, कॅनडाच्या अंगाला पाठवायची. इंजिनाबद्दल तो बोलला की ते ब्रह्मवाक्य.

तेव्हापासून चार हिवाळे गेले. शुभा चारला उठे, आंघोळ करून देवापुढे दिवा लावी, आणि सव्वासहाला किल्ली घेऊन दोन जिने उतरे. उघड्या पार्किंगमध्ये गाडी रात्रभर गोठलेली. ती सुरू करायची, काचांवरचा बर्फ स्क्रेपरनं खरवडायचा, मग आत बसून राहायचं. नुसतं काय बसायचं, म्हणून ती जपाची माळ नेई. हातमोज्यातून मणी ओढता येत नाही, म्हणून उजवा हात उघडा. त्या हाताची बोटं डिसेंबर लागला की लाल होऊन सुजत, ती मार्चपर्यंत खाजत. सीट उबदार झाली की गुरुदत्त कॉफी संपवून खाली येई. ती उतरे, तो बसे. तिनं ते आपल्या नेमातच धरलं होतं.

गाडी एकच. लायसन्स शुभाकडेही होतं, उन्हाळ्यात देवळात आणि ग्रोसरीला ती स्वतः जाई. बर्फ पडू लागला की मात्र किल्ली रोज तेवढ्या पंधरा मिनिटांपुरती तिची.

गाडी चालवायला तिला शिकवलं सुनेत्रामावशींनी. मावशी रिटायर्ड डॉक्टर, दहा मिनिटांच्या अंतरावर एकट्या राहायच्या. यजमान गेलेले, मुलगा परीक्षित लांब, विमानानं जायच्या अंतरावर, सनीव्हेलला. गेल्या वर्षी मावशींच्या किडन्या निकामी झाल्या, आणि आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाला डायलिसिस सुरू झालं. म्हाताऱ्या माणसांना नेणारी एक व्हॅन त्यांना घेऊन जाई. पण मोठा बर्फ पडला की व्हॅन कॅन्सल. शुभानं दिवाळीतच त्यांना शब्द दिला होता, “मावशी, व्हॅन आली नाही तर मी येईन.”

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ती वेळ आली. पहाटे पाचला मावशींचा फोन आला. शुभानं गुरुदत्तला हलवून उठवलं.

“डोकं फिरलंय का तुझं?” तो पांघरुणातूनच म्हणाला. “बाहेर टेंपरेचर किती आहे बघ. एकदा तापवायची, तू जाऊन येणार, मी निघेपर्यंत पुन्हा गार. शून्याखालचं इंजिन सकाळी दोनदा स्टार्ट केलं तर सिलिंडर जातात. गाडी बसली तर मी ऑफिसला चालत जाऊ?”

“सव्वासहापर्यंत येते मी परत.”

“इंजिन मला कळतं की तुला? त्यांना म्हणावं टॅक्सी करा.”

टॅक्सीवाले दोन तास म्हणाले. दोन तासांनी मावशींची डायलिसिसची खुर्ची दुसऱ्या पेशंटला गेली होती. शनिवारी एकही खुर्ची मोकळी नव्हती. शुभा शनिवारी दुपारी गुरुदत्तबरोबर ग्रोसरीला गेली, तेव्हा पाच मिनिटं मावशींकडे डोकावली. पाय भोपळ्यासारखे सुजलेले. आडवं झालं की दम लागतो म्हणून त्या बसूनच झोपत होत्या.

“सोमवार चुकला तर मंगळवार माझ्या नशिबात नाही,” मावशी सरळ आवाजात म्हणाल्या. “घाबरवत नाहीये गं. हे मी पेशंटांना सांगत आलेय, आता स्वतःला सांगतेय.”

“परीक्षितला कळवलंत?”

“तो रोज फोन करतो. फोनवरून रक्त साफ होत नाही.”

रविवारी रात्रीतून पुन्हा आठ इंच बर्फ पडणार, असं टीव्हीवर सांगत होते. म्हणजे सोमवारीही व्हॅन येणार नव्हती.

त्या रविवारी संध्याकाळी अनीश आणि निधी जेवायला आले. अनीश गुरुदत्तच्या ऑफिसात नवा, दोघं पुण्याहून आलेले. मसालेभात, कढी झाली. शुभा आत खिरीच्या वाट्या भरत होती. बाहेर अनीशनं खिशातून रिमोट काढला आणि खिडकीतून खाली रोखला. पार्किंगमध्ये त्याच्या गाडीचे दिवे लागले.

“मागच्या आठवड्यात बसवून घेतला, सर. घरात बसून गाडी गरम. दहा मिनिटं लावून ठेवतो.”

“दहा?” गुरुदत्त हसला. “यार, तू इंजिनवाला ना? जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर गेले तेव्हाच वॉर्म-अप गेला. आताच्या गाडीला तीस सेकंद पुरे. मग सरळ निघायचं, सुरुवातीला हळू चालवायची. चालवल्यानंच लवकर तापते. उभी ठेवलीस तर उलट पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.”

“इंजिनाचं नाही हो सर, माझं बूड गारठतं.”

“मग पैसे कशाला घातलेस? माझा रिमोट बघ.” त्यानं स्वयंपाकघराकडे मान वळवली. “घरचाच. बॅटरीसुद्धा लागत नाही. वर फुकट जप करतो.”

अनीश मोठ्यानं हसला. निधी हसली नाही. “म्हणजे आयत्या बिळावर नागोबा म्हणा की, गुरुदत्तदादा.”

शुभाच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. चार हिवाळ्यांतली खाजरी बोटं तिच्या मनात आली नाहीत. आला तो शुक्रवार. एवढंच होतं तर शुक्रवारी मावशी वेळेवर पोचल्या असत्या. तिनं वाट्या ट्रेमध्ये मांडल्या, बाहेर येऊन प्रत्येकाच्या हातात दिल्या.

“गोड बेताचं झालंय ना?” तिनं विचारलं.

पाहुणे गेल्यावर गुरुदत्त टीव्हीसमोर बसला. ती ताटं विसळता विसळता म्हणाली, “तुम्ही शुक्रवारी म्हणालात, सिलिंडर जातात.”

“म्हणालो असेन.”

“आणि आज म्हणालात, तीस सेकंद.”

“अगं, थंड सीटवर माझी पाठ धरते. तू तर चारला उठतेसच. तुझं काय बिघडलं? देवाचंच नाव घेत होतीस ना?” त्यानं चॅनेल बदललं. “आणि त्या म्हातारीचं एकदा केलंस की ते कायमचं गळ्यात पडणार. मला ठाऊक होतं म्हणून बोललो.”

म्हणजे चुकून नव्हतं बोललेलं. शुभानं नळ बंद केला. लग्नाला नऊ वर्षं झाली. देवापाठोपाठ याच माणसाच्या शब्दावर आपण डोळे मिटून चाललो, याची तिला कडू लाज वाटली. देवाची क्षमा मागता येते. मावशींची कशी मागायची?

तिनं फोन आतल्या खोलीत नेला.

“मावशी, सव्वापाचला तुमच्या दारात येते. कोट घालून तयार राहा.”

पलीकडे दम लागत होता. “गुरुदत्तला विचारलंस का?”

“विचारण्यासारखं काही उरलं नाही.”

पहाटे ती उठली, तेव्हा बर्फ पडायचा थांबला होता. आंघोळ झाली, दिवा लागला. मग तिनं देवापुढे हात जोडून एवढंच सांगितलं की बाकीचं आल्यावर करीन. पर्समध्ये मावशींसाठी जादा मोजे, एक शाल घातली. झोपायच्या खोलीच्या दारात ती थांबली.

“मी मावशींना घेऊन चालले आहे. चार तास लागतात, मी तिथेच बसणार. तुम्ही अनीशभावजींना फोन करा, ऑफिसला त्यांच्याबरोबर जा.”

“काय?” तो कोपरावर उठला. “शुभा, माझी आठला मीटिंग आहे. शुभा, गाडी...”

आवाज नेहमीसारखाच खाली ठेवून ती म्हणाली, “अजून बराच वेळ आहे तुम्हाला,” आणि दार ओढून घेतलं.

खाली तिनं गाडी सुरू केली, पुढची, मागची, बाजूच्या चारही काचा नीट साफ केल्या. वर त्यांच्या खिडकीत दिवा लागला. तिनं वर पाहिलं नाही. थंडगार सीटवर बसून पट्टा लावला, गिअर टाकला. चाकांखाली बर्फ करकरला, गाडी एकदा किंचित सरकली, मग चाकांनी पकड घेतली. बिग बीव्हर रोडवर बर्फ हटवून मीठ टाकणारा ट्रक नुकताच गेला होता. त्यानं मोकळ्या केलेल्या काळ्या पट्ट्यावरून शुभा हळूहळू मावशींच्या घराकडे निघाली.